नाकवाले मिस्त्री

नदीच्या धक्क्यापासून वीसेक पावलांवर, दोरखंडाच्या गोदामाला पाठ लावून, पत्र्याची एक शेड होती. तिच्यावर पाटी नव्हती आणि पाटीची गरज कधी कुणाला पडलीही नव्हती. नावेच्या मागे टांगायचं इंजिन कुरकुरायला लागलं की माणसं ते हातगाडीवर आडवं घालून इथे आणत आणि बाहेरूनच ओरडत, "नाकवाले मिस्त्री आहेत का?"

मिस्त्री असायचेच. दुसरीकडे जाणार कुठे? वय चौसष्ट, आणि गुडघे त्याहून थोरले. शेडमध्ये खिडकीपाशी एक लांब टेबल, त्यावर स्क्रू, जेट, पॅकिंग, स्प्रिंगा यांनी भरलेले पंचवीस-तीस डबे. कुठल्याच डब्यावर काही लिहिलेलं नाही, पण मिस्त्री न बघता हात घालत आणि हवी ती वस्तू काढत. मधोमध पाण्याने भरलेलं एक मोठं पिंप. दुरुस्त झालेलं इंजिन पिंपाच्या कडेला अडकवायचं, पंखा पाण्यात बुडवायचा आणि अर्धा तास चालवून बघायचं. ते नीट चाललं की मिस्त्री चिंध्यांना हात पुसत म्हणायचे, "झालं." हा एक शब्द ऐकला की धक्क्यावरची माणसं निर्धास्तपणे पाण्यात जात.

'नाकवाले' हे नाव त्यांना एके काळी शोभायचं. कार्ब्युरेटरच्या तळाला पेट्रोल साठायची एक छोटी वाटी असते. ती सोडवून नुसती नाकाखाली धरली की मिस्त्री सांगायचे, हे पेट्रोल मागच्या वर्षीचं, यात पाणी गेलंय, यात मिसळायचं तेल दुप्पट पडलंय. एकदा एका मासे धरणाऱ्याला त्यांनी सांगितलं होतं की तू पेट्रोलचा डबा कांद्यांच्या पोत्याजवळ ठेवतोस. तो बिचारा तोंडात बोट घालून उभा राहिला. ही गोष्ट धक्क्यावर सांगणाऱ्यागणिक वाढत गेली, आणि पुढेपुढे तर मिस्त्रींनी कांद्याची जातसुद्धा ओळखली होती असं लोक शपथेवर सांगू लागले.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींना ताप आला. पंधरा दिवसांनी तो गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती हळू, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. कुणालाच न सांगायचं मात्र त्यांनी ठरवून टाकलं. पण बायकोपासून काय लपतं? दूध करपून घरभर धूर झाला तरी नवरा शेजारच्या खुर्चीत निवांत पेपर वाचत बसलाय, हे तिने पाहिलं आणि गॅस बंद करता करता ती म्हणाली, "कधीपासून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये आली. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती, पण शेडचा उंबरठा तिने तोवर ओलांडला नव्हता. त्या दिवसापासून तिने एक दिवस चुकवला नाही. समोर गिऱ्हाईक असलं की मिस्त्री ती वाटी टेबलाच्या टोकाला सरकवत. बायको डबा ठेवता ठेवता जरा खाली वाकायची आणि म्हणायची, "आजची भाजी शिळी आहे हं, सांभाळून खा." म्हणजे पेट्रोल जुनं. "भाजीत पाणी जास्त झालंय," म्हणजे खरोखरच पाणी. "गरमागरम आहे, लगेच जेवून घ्या," म्हणजे पेट्रोल ताजं आहे, दोष दुसरीकडे शोधा. मग मिस्त्री वाटी उचलून ऐटीत नाकाला लावायचे, डोळे बारीक करायचे आणि निदान सांगायचे. वाळूची नाव चालवणाऱ्या वाळूवाल्याने तर न राहवून विचारलंच, "वहिनी, मिस्त्रींना रोज शिळंच का हो देता?" ती म्हणाली, "मिळतंय ते काय कमी आहे?"

हे सोंग होतं खरं. मिस्त्री स्वतःची समजूत घालायचे की निदान तर बरोबर येतंय ना, मग नाक कुणाचं का असेना. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला वकील लागत नाही.

यंदा त्यांच्या मुलीचं दुसरं बाळंतपण अवघड झालं. डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचंच नाही असं सांगितलं, आणि आई दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. बस फलाटाला लागलेली असताना ती मिस्त्रींना म्हणाली, "मी येईपर्यंत नाक मुठीत धरून बसा. उगाच मोठेपणा करू नका. कळलं नाही तर कळत नाही म्हणावं." मिस्त्रींनी ते हसण्यावारी नेलं.

ती गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाववाली इंजिन घेऊन आली.

तिला सगळे नाववालीच म्हणत. बाई पंचेचाळिशीची, हाडापेराने मजबूत, आवाज पैलतीरावर पोचेल असा. नाव पूर्वी तिचा नवरा चालवायचा. त्याची पाठ गेली तेव्हापासून ही चालवते. पलीकडच्या तीरावर डबाबंद मासळीचा कारखाना होता आणि दवाखाना होता. पुलावरून जायचं तर दोन तासांचा वळसा, नावेने वीस मिनिटं. सकाळी पहिल्या खेपेला कारखान्यात जाणाऱ्या बायका, मग औषधाला जाणारे म्हातारे, मग आणखी कुणी. तिचं इंजिन म्हणजे तिच्या नवऱ्याने जुनं म्हणूनच घेतलेलं, तेही कितीतरी वर्षांपूर्वी.

"मधेच बंद पडतं," ती म्हणाली. "काठाला झकास चालतं. मध्यावर गेलं, जरा जोर दिला की धाप लागते आणि गप्प."

मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उतरवला, वाटी सोडवली. तळाला तपकिरी चिकटा बसला होता आणि पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट त्याने बुजलं होतं. ती समोर स्टुलावर बसून बघत होती. मिस्त्रींनी सवयीने वाटी टेबलाच्या टोकाला सरकवली. मग टोकाला कुणीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. क्षणभर हात तसाच राहिला. मग त्यांनी वाटी उचलली, नाकाला लावली, डोळे बारीक केले आणि मान हलवली. त्यांच्या नाकाला पेट्रोलचा गारवा तेवढा लागला, बाकी काही नाही.

"चिकटा जमलाय," ते म्हणाले. "साफ करून देतो."

चिकटा डोळ्यांनाच दिसत होता, त्याला नाक कशाला हवं? पण तो आला कुठून, हे सांगायला नाक हवं होतं. मिस्त्रींनी जेट तारेने मोकळं केलं, हवा मारली, पॅकिंग बदललं आणि इंजिन पिंपावर चढवलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिस्त्री पिंपावर इंजिन चालवायचे ते स्वतःच्या टाकीवर आणि स्वतःच्या नळीवर. गिऱ्हाइकाची टाकी शेडमध्ये आणायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या उस्तादांची शेड एका गळक्या टाकीपायी जळाली होती, आणि जळक्या पत्र्यांवर पाणी ओतणाऱ्यांत मिस्त्री होते. तेव्हापासून गिऱ्हाइकाची टाकी नावेतच राहायची. नाक शाबूत होतं तोवर या नियमाने काहीच बिघडलं नाही, कारण टाकीची सगळी कुंडली वाटीतल्या दोन चमचे पेट्रोलात कळायची. नाक गेलं, नियम मात्र राहिला.

मिस्त्रींच्या स्वच्छ टाकीवर नाववालीचं इंजिन अर्धा तास सुरेख चाललं. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, "झालं."

नऊ दिवसांनी ती परत आली. तीच तक्रार. वाटीत तसाच चिकटा. या वेळी मिस्त्रींनी इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा छोटा पंप उघडला. त्यातला रबरी पडदा मऊ पडून सुरकुतला होता. तो बदलला, जेट पुन्हा साफ केलं, वाटी पुन्हा नाकाला लावून झाली. पुन्हा पिंप, पुन्हा अर्धा तास. कुठे खोकला नाही की धाप नाही. "झालं."

आणखी आठवड्याने तिसऱ्यांदा हातगाडीचं चाक शेडच्या उंबऱ्यावर आपटलं, तेव्हा मिस्त्रींनी वर न बघताच ओळखलं. त्यांना अगदी थकून गेल्यासारखं झालं. कामाने माणूस दमतो ते झोपेने भरून निघतं. तेच काम तिसऱ्यांदा समोर आलं की जो शीण येतो, त्याला औषध नाही.

नाववाली स्टुलावर बसली नाही. तिच्या उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं होतं.

"काल पुलाच्या खांबापर्यंत वाहत गेलो," ती म्हणाली. "नऊ माणसं होती. वल्हं खांबाला टेकवून नाव कशीबशी दूर ढकलली. वल्हं मोडलं." तिचा आवाज नेहमीसारखा पैलतीराला पोचणारा नव्हता. "मिस्त्री, मला खरं सांगा. इंजिन मेलं असेल तर मेलं म्हणा. मी नाव ओढून काठावर घालीन, कारखान्यात मासे कापायला जाईन. तुम्ही झालं म्हणालात की मी माणसं बसवते. मला दुसरं काही कळत नाही."

मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी या."

दिवसभर त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. इंजिनाचा पेट्रोलचा मार्ग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडला. नळी जोडायचं तोंड, त्यातलं रबरी कडं, जाळी, पंप, कार्ब्युरेटरमधला तरंगता गोळा, त्याची सुई. एकेक वस्तू धुऊन फडक्यावर मांडली, भिंगाखाली धरली. दोष नव्हता. होता तो तपकिरी चिकटा, जो त्यांनी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा परत आला होता. त्यांनी वाटी पुन्हा नाकाशी नेली. या वेळी बघायला कुणीही नव्हतं. त्यांनी इतक्या जोराने श्वास ओढला की डोळ्यांत पाणी आलं. हवा आत गेली आणि हवाच बाहेर आली.

दिवेलागणीला त्यांनी बायकोला फोन लावला. नातू झाला होता, त्याचं रडणं फोनवर ऐकू येत होतं.

"तिला हुंगायला सांगा ना मग," सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली. "बाई समोर बसलेली असते, तिला काय नाक नाही?"

"आणि काय सांगू? नाकवाल्या मिस्त्रींना वास येत नाही?"

"हो. तेच सांगा."

"अगं, उद्या धक्क्यावर कुणी दारात उभं करणार नाही."

"अहो, माणसं बुडाली तर तुमच्या इज्जतीला काय चाटायचंय?" मग बाळ जास्तच रडायला लागलं आणि तिने फोन ठेवला.

सकाळी नाववाली आली. इंजिन पिंपावर चालू होतं, अगदी शहाण्या मुलासारखं. ती मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला तो शब्द हवा होता. मिस्त्रींच्या ओठांवर तो आलाही होता, चाळीस वर्षांची सवय. त्यांनी तो गिळला.

"मी नावेत येतो," ते म्हणाले. "आधी आपण दोघंच. माणसं नकोत."

"तुम्ही?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. मिस्त्री पाण्यात जात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. जन्म धक्क्यावर गेला, पण त्यांना पोहता येत नव्हतं.

कारखान्याच्या बायका धक्क्यावर डबे घेऊन उभ्या होत्या. नाववालीने त्यांना थांबायला सांगितलं. मिस्त्री दोन्ही हातांनी काठ धरून नावेत उतरले आणि मागच्या फळीवर, इंजिनाशेजारी बसले. तिने टाकीची नळी इंजिनाला जोडली. नळीच्या मधे एक रबरी फुगा असतो, तो हाताने दाबून पेट्रोल वर चढवायचं. तिने तीन-चारदा दाबला आणि नळी फळीखाली सारली. दोरी ओढताच इंजिन लागलं.

काठ मागे पडला. मिस्त्री कान देऊन बसले होते. कान अजून चांगले होते, तेवढीच देवाची कृपा. पाच मिनिटं गेली, सात गेली. मधला प्रवाह लागला आणि नाववालीने जोर वाढवला. इंजिनाचा आवाज आधी चढला, मग पातळ झाला, मग दोन उचक्या देऊन थांबला. नाव पाण्याबरोबर आडवी वळू लागली. खाली पुलाचे खांब दिसत होते.

"नांगर टाका," मिस्त्री म्हणाले. ते म्हणायच्या आधीच ती उठली होती. नांगराची दोरी सरसर गेली, नांगर तळाला घासत जाऊन रुतला. नाव हिसका खाऊन थांबली. मिस्त्रींचे हात आपोआप फळीखाली गेले. त्यांनी नळी बाहेर ओढली.

फुगा चपटा झालेला होता. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या आणि सोडला तरी फुगत नव्हता.

म्हणजे इंजिन पेट्रोल ओढत होतं, आणि ते मिळत नव्हतं. अडथळा टाकी आणि फुग्याच्या मधे होता, इंजिनात नव्हताच. तीन वेळा त्यांनी निरोगी माणसाचं पोट फाडलं होतं. त्यांनी खिशातला चाकू काढून फुग्याच्या टाकीकडची नळी उभी चिरली. आतलं अस्तर सुटून आलं होतं. काळं, मऊ, ओलं कातडं. हळू चालवलं की ते बाजूला पडून राही. जोर दिला की ओढलं जाऊन नळीचं तोंडच बंद करी. बोटाला तोच तपकिरी चिकटा लागला.

"पेट्रोलने असं होत नाही," मिस्त्री म्हणाले. "टाकीत दुसरं काय घातलंय?"

"थिनर," ती सहज म्हणाली. "नाव रंगवली तेव्हा उरलं होतं, त्याने टाकी धुतली. आणि मग तुम्हीच म्हणालात ना चिकटा जमतो म्हणून? थिनरने चिकटा सुटतो. तेव्हापासून दर भरणीला कपभर घालते."

मिस्त्रींनी चिरलेली नळी पुन्हा उलगडून बघितली.

"वास तर मरणाचा येतो," ती पुढे म्हणाली. "कारखान्याच्या बायका रोज विचारतात, ताई, आज परत रंग दिला का नावेला?"

"मग ताई, मला का नाही सांगितलंत?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला? तुम्ही माझ्यासमोर वाटी नाकाला लावलीत. मान हलवलीत. मला वाटलं, नाकवाल्या मिस्त्रींना चालतंय तर चालत असेल. सूर्याला काजवा काय दाखवायचा?"

नांगराची दोरी कुरकुरत होती. मिस्त्रींनी चाकू मिटून खिशात ठेवला. मग ते खाली, आपल्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाले, "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली."

"काय?"

"काहीच येत नाही. पेट्रोलचा नाही, कशाचाच नाही. बायको सांगायची. ती गावाला गेलीय."

नाववालीला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे ते हुंगणं नुसतं दाखवायला?"

"हो."

"परवा माझ्या नावेत आठ दिवसांची बाळंतीण होती, मिस्त्री. बाळाला छातीशी धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तिला सांगत होते, घाबरू नको, मिस्त्रींनी बघितलंय." तिने मोठा श्वास घेतला. "चूक झाली असती तर मी एका शब्दाने बोलले नसते. चूक कुणाचीही होते. तुम्ही सोंग केलंत, आणि मी त्या सोंगावर माणसं बसवली."

मिस्त्रींना फार लाज वाटली. आणि त्या लाजेखाली, आश्चर्य म्हणजे, जरा हलकंही वाटलं. त्या हलकं वाटण्याची त्यांना आणखी लाज वाटली.

नाववालीने फडकं बांधलेल्या हाताने नांगर उचलला आणि नावेत होती ती वल्ही घेऊन वल्हवायला लागली. मिस्त्रींनी एक वल्हं मागितलं. तिने दिलं नाही.

धक्क्यावरच्या बायकांनी नाव वल्ह्यांवर येताना पाहिली होती. कारखान्याची वेळ टळून गेली होती. वाळूवालाही येऊन उभा राहिला होता. "काय मिस्त्री, परत?" त्याने हाक मारली.

नाववाली दोरी बांधत होती. तिने मान वर केली नाही. ती सांगेल अशी मिस्त्रींनी क्षणभर वाट बघितली, आणि मग त्यांना कळलं की ती मुद्दामच सांगत नाहीये.

"इंजिनाचा दोष नाही," मिस्त्री मोठ्याने म्हणाले. "माझा आहे. नळी खराब होती, पेट्रोलात थिनर होतं. मला वासावरून कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मला तीन वर्षं वास येतच नाही."

वाळूवाला म्हणाला, "मग गेल्या पंधरवड्यात माझी वाटी हुंगून तेल बरोबर पडलंय म्हणालात, ते?"

"अंदाजाने."

"अंदाज बरोबर होता का?"

"आज बघून सांगतो," मिस्त्री म्हणाले. एका बाईला हसू फुटलं, पण ते लगेच विझलं.

नाववालीचं सोडून, बायको गेल्यापासून त्यांनी सात इंजिनं 'झालं' म्हणून दिली होती. शेडमध्ये जाऊन त्यांनी ती मोजली आणि मग गुडघे ओढत एकेकाच्या दारात गेले. प्रत्येक ठिकाणी तेच पहिल्यापासून सांगायचं. चौथ्या दारापर्यंत ते सांगणं पाठ झालं, सोपं मात्र झालं नाही. एकाने शिव्या दिल्या. एकाने चहा दिला, तो शिव्यांपेक्षा जड गेला. एक म्हणाला, आमचं चालतंय, तुम्ही कशाला उगाच त्रास घेता. मिस्त्री म्हणाले, बघू दे, आणि त्याच्याच हातात वाटी देऊन त्याला हुंगायला लावलं.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. "सांगितलं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"बरं झालं," बायको म्हणाली. "पेट्रोलच्या वासाने डोकं फुटायचं माझं. तीन वर्षं रोज दुपारी घरी येऊन गोळी घेत होते."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तू लवकर ये. कामाला नको. मला करमत नाही." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण तिने ते त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

दुसरा दिवस टाकी दोनदा ताज्या पेट्रोलने खंगाळण्यात, नवी नळी बसवण्यात आणि पंपाचा पडदा परत बदलण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाववालीची टाकी शेडमध्ये आली. मिस्त्रींनी पिंपाशेजारी वाळूची बादली ठेवली आणि इंजिन तिच्याच टाकीवर, तिच्याच नळीवर चालवलं. जोर दिला, अर्धा तास तसंच ठेवलं. वाटी सोडवून तिच्या हातात दिली. तिने हुंगलं. "नुसतं पेट्रोल," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हात पुसले आणि तोंड उघडलं.

"तो शब्द राहू द्या," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, फक्त दमलेपण होतं. "आता मला शब्द नको. तुम्ही नावेत बसा. पहिल्या खेपेला, रोज."

"किती दिवस?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

धक्क्यावर सात बायका उभ्या होत्या. नावेत एकही बसलेली नव्हती. इंजिन बसवून झालं, नाववालीने हाक मारली, तरी त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मिस्त्री काठ धरून उतरले आणि पुढच्या फळीवर बसले. मग एक वयस्कर बाई उतरली. तिच्यामागे दुसरी, आणि बाकीच्या.

चाळीस वर्षं मिस्त्री काठावर उभे राहून 'झालं' म्हणाले होते आणि लोक पाण्यात गेले होते. आपण सांगतो तेव्हा माणसं नेमकं काय करतात, हे त्यांनी कधी बसून बघितलं नव्हतं. आता बघत होते. बायका गप्पा मारत नव्हत्या. डबे मांडीवर घट्ट धरलेले होते. मध्यावर, जिथे इंजिन थांबायचं तिथे, कुणीही इंजिनाकडे बघितलं नाही. त्या मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होत्या. मिस्त्रींनी फळीची कड इतकी आवळून धरली होती की नखं पांढरी पडली. नाववालीने जोर वाढवला. इंजिन चालत राहिलं.

पलीकडच्या काठाला त्या एकेक करून उतरल्या आणि कारखान्याच्या फाटकाकडे घाईने निघाल्या, उशीर झालाच होता. ती पहिल्यांदा उतरलेली वयस्कर बाई चार पावलं जाऊन थांबली, वळून आली.

"मिस्त्री, उद्याही तुम्ही असाल ना?"

मिस्त्रींचे कपडे पाण्याच्या शिंतोड्यांनी भिजले होते, गुडघे ठणकत होते, आणि शेडमध्ये लोकांची सात इंजिनं पुन्हा उघडून पडली होती.

"असेन," ते म्हणाले.